अदपाव मीठ

सासूबाईंचे हात मला सांगलीत सापडले. म्हणजे सासूबाई स्वतः आमच्या रहिमतपूरच्या घरात, मागच्या पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या, आणि त्यांचे हात सांगलीच्या एका मसाल्याच्या वेबसाइटवर लालभडक मिरच्यांच्या ढिगात होते. मनगटावरची गोंदलेली तुळस, डाव्या अंगठ्याचं चेपलेलं नख, सगळं जिथल्या तिथं. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या आजींच्या हातची चव.’

फोटो मी काढलेला होता. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, माझ्या मोबाइलवर, आमच्या वेबसाइटसाठी. आमचा मिरची कांडपाचा डंका आहे. चैत्र लागला की बायका आपापल्या मिरच्या, धने, खोबरं घेऊन येतात आणि वर्षाची कांदा-लसूण चटणी कुटून नेतात. ज्यांना जमत नाही त्यांना आम्ही तयार चटणी पाठवतो. ही पाठवणी वाढावी म्हणून मी वेबसाइट काढली. करून देणारा दुसरा होता, पण मजकूर सगळा माझा. मी वाईची, शाळेत निबंधाला बक्षिसं मिळवलेली, त्यामुळे ‘घरी चटणी कशी करावी’ हे पान मी तीन दुपारी बसून, खोडून, पुन्हा लिहून केलं होतं. मिरची तव्यावर टाकल्यावर पहिला ठसका कोणाला लागतो, इथपासून बरणीत हिंगाचा खडा कुठे ठेवायचा, इथपर्यंत.

एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. तुमची सांगलीत शाखा निघाली का, म्हणून विचारत होते. मी नाही म्हटलं आणि फोन ठेवून शोधायला लागले. सापडायला वेळ लागला नाही. ठसक्यापासून हिंगाच्या खड्यापर्यंत माझं पान शब्दाला शब्द तिथं होतं. फक्त ‘रहिमतपूर’च्या जागी ‘सांगली’ घातलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुळात मी एका जागी बसणारी नाही, माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. त्या दिवशी मी पडवीतून अंगणात आणि अंगणातून डंक्यावर इतक्या खेपा घातल्या की सासूबाई म्हणाल्या, “काय हरवलं काय तुजं?”

मी त्यांना मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ बघितलं.

“ह्ये माजंच हात हायत की,” त्या म्हणाल्या. “सांगलीला कवा गेलं ह्ये?”

मग त्या हसायला लागल्या. मला त्यांचा राग आला. मी तिथल्या तिथं सांगलीचा नंबर लावला. हे करायचं नसतं हे मला नंतर कळलं. पलीकडे एक बाई होती, माझ्याच वयाची असावी. मी आवाज चढवून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“आवं ताई, वेबसाइट आमी थोडीच केलीया? ज्यानं केली त्यानं टाकलं आसंल,” ती म्हणाली. “आन् चटणी काय तुमच्या एकट्यांचीच हाय व्हय?”

“चटणी नाही, पण लिहिलेलं माझं आहे. फोटोतले हात माझ्या सासूचे आहेत.”

“आमी आमचं म्हणाय लागलो तर? आमचंच आधीपासनं हाय आन् तुमीच उचललं, आसं म्हटलं तर काय करशीला?”

मी फोन ठेवला. तोपर्यंत हा चोरीचा मामला होता. आता ती मलाच चोर ठरवायला निघाली होती. गावात, बायकांच्या तोंडी, माझ्या डंक्यावर जर ही गोष्ट पसरली असती की रहिमतपूरच्या बाईनं सांगलीचं उचललं, तर मी काय दाखवणार होते? माझं लिहिलेलं माझं आहे, हे सिद्ध करणं एवढंच मला हवं होतं. त्यापुढचं काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेले. कोर्टाच्या मागच्या गल्लीत एका वकीलबाईंचं ऑफिस आहे, ओळखीतून पत्ता मिळाला होता. मॅडम माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं असं की समोरच्याची गडबड आपोआप थांबावी. मी फोन केल्याचं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

“यापुढे त्यांच्याशी एक शब्द नाही. तुम्ही ओरडणार, त्या पान काढून टाकणार, आणि आपल्या हातात पुरावा राहणार नाही.”

पान अजून होतं. मॅडमनी माझ्यासमोर सांगलीच्या पानाचे आणि माझ्या पानाचे फोटो काढून घेतले, वर तारीख आणि वेबसाइटचा पत्ता दिसेल असे. ते कोर्टात चालायला सोबत एक प्रमाणपत्र लागतं, तेही करून ठेवू म्हणाल्या. सासूबाईंच्या हातांचा मूळ फोटो माझ्या मोबाइलमध्ये तारखेसकट आहे का, ते बघितलं. होता. मॅडम पहिल्यांदा हसल्या.

मी विचारलं, “पण मी कुठं नोंदणी वगैरे केलेली नाही.”

“लागत नाही. लिहिलं तेव्हाच ते तुमचं झालं. नोंदणी असती तर सिद्ध करणं सोपं गेलं असतं, एवढंच. पण एक लक्षात घ्या. किलोला धने किती आणि खोबरं किती, हे माप कोणाच्याच मालकीचं नसतं. ते त्या उद्या स्वतःच्या शब्दांत लिहू शकतात. तुमचे शब्द आणि तुमचा फोटो, तेवढ्यापुरतं आपण भांडू शकतो.”

मला हे जरा लागलंच. माप सासूबाईंचं होतं, आणि तेच नेमकं उघड्यावर.

मग त्यांनी वाटा सांगितल्या. आधी नोटीस: पान काढा आणि लिहून द्या की पुन्हा करणार नाही. त्याचबरोबर ज्या कंपनीच्या जागेवर त्यांची वेबसाइट आहे तिच्याकडे तक्रार, ते बरेचदा आधी पान उतरवतात. ऐकलं नाही तर दावा, आणि तो मला साताऱ्यातच लावता येईल, कारण माझं कामकाज या जिल्ह्यात आहे. सांगलीला खेटे घालायला नकोत. मात्र तातडीचा मनाई हुकूम हवा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीला बसावं लागेल. पोलिसांतही जाता येतं म्हणाल्या, “पण चटणीची तक्रार घेऊन ठाण्यात गेलात तर आधी चहा पाजतील आणि मग विचारतील, नेमकं काय गेलं?”

“पण ती म्हणतेय आमचंच आधीचं. तसंच म्हणत राहिली तर?”

मॅडम दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचत होत्या. वाचता वाचता थांबल्या.

“मीठ अदपाव? किलोभर मिरचीला सव्वाशे ग्रॅमच? माझी आई पाव किलो घालते.”

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“चुकलंय का हे?”

“चुकलेलं नाही,” मी म्हटलं. “मुद्दाम घातलंय.”

मग सांगावं लागलं. आमच्याकडं माप विचारलं तर बाई माप सांगते, पण एक गोष्ट स्वतःपाशी ठेवते. सासूबाई ठेवतात, शेजारच्या काकू ठेवतात. ज्यानं त्यानं आपल्या हातानं शोधून काढावं, असा रिवाज. वेबसाइटवर सगळं फुकट देऊन टाकायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून मी मीठ निम्मं लिहिलं.

मॅडमच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जणू कुणी त्यांना पेढे दिले. “अहो, मग झालं की काम! मजकूर दोघांनी तिसरीकडून घेतला असं त्या म्हणू शकतात. पण चूक? तीच चूक दोघींकडे, आणि ती का झाली हे फक्त एकीला माहीत. हे तुम्ही शपथेवर सांगायचं. लेखिका कोण, हा प्रश्नच संपला.”

शपथेवर. म्हणजे मी चुकीचं माप जाणूनबुजून लोकांना दिलं, असं माझ्या सहीनं.

“आणि एक,” त्या म्हणाल्या. “नोटीस पोचून त्यांचं उत्तर येईपर्यंत तुमच्या पानाला हात लावू नका. दोन्ही पानं जशीच्या तशी समोरासमोर राहू देत.”

एसटीत खिडकीशी बसले आणि जीव थाऱ्यावर येईना. कोरेगाव येईपर्यंत मला तासगावची बाई आठवायला लागली होती.

तिचं काय झालं होतं ते सांगते. ती पुण्यात वाढलेली, लग्न होऊन तासगावला बेदाण्याच्या घरात आलेली. तिची आई नव्हती, आणि सासूला विचारायची हिंमत नव्हती. पहिल्या वर्षी माझं पान वाचून तिनं स्वतः चटणी केली, आणि श्रावणात मला फोन केला. बरणीच्या तोंडाशी पांढरी बुरशी आली होती. कांदा-लसणीला मीठ कमी पडलं की पावसाळी हवेत तेच होतं, हे मला पहिल्या वाक्यात कळलं होतं. मी म्हटलं, बरणी ओली असेल. दुसऱ्या वर्षी म्हटलं, कांदा नीट वाळला नसेल. तिसऱ्या वर्षी ती स्वतःच म्हणाली, “सासूबाई म्हणतात, हिच्या हाताला चटणी टिकत न्हाई.” तिच्या बोलण्यात एव्हाना तासगाव उतरलं होतं. दरवर्षी ती फेकून द्यायची आणि माझ्याकडून तीन किलो मागवायची. मी ती छान बांधून पाठवायची, सोबत एक चिठ्ठी. मला तेव्हा वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर, थोडं बरंच वाटायचं. माझ्यासारखी कोणाला जमत नाही, असं वाटायचं.

आता चैत्र होता. माझं पान आणि सांगलीचं पान, दोन्हींवर अदपाव मीठ लिहिलेलं होतं. त्या आठवड्यात कुठल्या कुठल्या घरात बायका पान उघडून, मीठ तोलून घेत असतील, ते मला दिसत होतं. आणि मॅडम म्हणत होत्या, हात लावू नका.

मी मॅडमचं ऐकलं. चार दिवस. त्या चार दिवसांत मी सांगलीचं पान इतक्या वेळा उघडलं की मोबाइल तापायचा. डंक्यावर बायका यायच्या, मिरच्या कांडल्या जायच्या, ठसका लागायचा, आणि मी प्रत्येकीचं मीठ नीट पाव किलो आहे का ते दोनदा बघायची. एकीनं विचारलंही, “आवं वैनी, मिठाचं एवढं काय घिऊन बसलाय?”

शेवटी पाचव्या दिवशी मी सासूबाईंपाशी बसले. दुपारची वेळ, त्या खोबरं किसत होत्या. कोर्टात काय सांगावं लागणार ते मी सांगितलं. मला वाटलं, त्या माझी पाठ थोपटतील. शेवटी मी त्यांचाच रिवाज पाळला होता.

त्यांची किसणी थांबली. “कशात कमी लिवलंस?”

“मिठात.”

“मिठात?”

“तुम्हीच नाही का म्हणायचा, एक गोष्ट आपल्यापाशी ठेवावी?”

“आगं, दगडफूल ठेवावं. जायपत्री ठेवावी. चव जरा कमी हुती, दुसऱ्या साली बाई आपल्या हातानं शोधती. मिठाला कोण हात लावतं? मिठानं चटणी टिकती. वरीसभराचं जेवान आसतंय ते येकीच्या घरचं.”

त्या एवढंच बोलल्या आणि पुन्हा किसायला लागल्या. मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथून उठले आणि बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले. लाज वाटली, साफ लाज. त्यांच्याकडून मी रिवाज घेतला होता, पण त्याच्यातली समज घेतली नव्हती.

तासगावचा नंबर काढला. लावला आणि एक रिंग व्हायच्या आत कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट केला. काय सांगणार होते? मग मी भेकडासारखा दुसरा रस्ता घेतला. वेबसाइट उघडली, अदपावचं पाव किलो केलं, आणि खाली लिहिलं: ‘आमच्या या पानावर मिठाचं माप नजरचुकीने कमी लिहिलं गेलं होतं. ज्या भगिनींची चटणी त्यामुळे खराब झाली, त्यांची मनापासून माफी मागते.’

निबंधातलं वाक्य होतं ते. बरं जमलंय, असंही वाटलं.

मॅडमनी मला फोनवर चांगलंच झापलं. समोरासमोर ठेवायच्या दोन पानांपैकी एक तुम्हीच बदललंत, म्हणाल्या. नशीब आधीचे फोटो आणि प्रमाणपत्र तयार होतं. नोटीस त्याच दिवशी रवाना झाली होती.

आणि दोन दिवसांनी, सवयीनं मी सांगलीचं पान उघडलं, तर तिथं मीठ पाव किलो झालं होतं. नोटीस त्यांना अजून मिळाली नव्हती, किंवा मिळूनही वेबसाइट करणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं पुन्हा माझं पान जसंच्या तसं नेलं होतं. खाली सासूबाईंचे हात, आणि त्याखाली: ‘आमच्या या पानावर मिठाचं माप नजरचुकीने कमी लिहिलं गेलं होतं. ज्या भगिनींची चटणी त्यामुळे खराब झाली, त्यांची मनापासून माफी मागते.’

मला हसू फुटलं. माझी माफीसुद्धा नेली होती! मी मॅडमना पाठवलं, तर त्यांचा लगेच फोन. “अहो, सोनं आहे हे. चूक पण तुमची आणि दुरुस्ती पण तुमची. आता तुम्ही शपथेवर काही नाही सांगितलंत तरी चालेल.”

म्हणजे मी सुटले होते. कुठंही सही करून कबूल करायची गरज उरली नव्हती. मी पुन्हा ते पान उघडलं, विजय बघावा तसं. आणि तिच्या पानावर ते वाक्य दुसऱ्यांदा वाचताना हसू गेलं. नजरचुकीने? हिची कसली नजरचूक, हिनं तर आयतं उचललं. खोटारडी आहे, माफीसुद्धा खोटी मागते, असं मी मनातल्या मनात म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. वाक्य तिचं नव्हतंच.

दुसऱ्याच्या तोंडी ऐकल्याशिवाय मला माझं खोटं ऐकू आलं नव्हतं.

मी माझ्या पानावर गेले. ‘नजरचुकीने’ खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते चारदा लिहिलं आणि पुसलं, या वेळी शब्द सजवायला नव्हे. शेवटी लिहिलं: ‘मीठ मी मुद्दाम कमी लिहिलं होतं. तुमची चटणी माझ्यासारखी होऊ नये म्हणून. ज्यांची चटणी बुरसली, त्यांचा हात चुकला नव्हता, मी चुकीचं सांगितलं होतं.’ खाली आमचं गाव घातलं. घरात कोणाला विचारलं नाही.

मग तीन-चार दिवस माझं पुन्हा तेच. सकाळी, दुपारी, भाजीला फोडणी घालता घालता, सांगलीचं पान उघडायचं. हे वाक्य उचलतात का बघायचं. ते उचलत नव्हते. जुनी ‘नजरचूक’ तशीच होती. एवढ्यात डंक्यावर दोघी-तिघींनी मला तोंडावर विचारलं, आणि एक नेहमीची बाई आपल्या मिरच्या घेऊन दुसऱ्या डंक्यावर गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात नोटिशीचा परिणाम म्हणा किंवा तक्रारीचा, सांगलीचं पूर्ण पान उतरलं. सासूबाईंचे हात घरी आले. मॅडमनी अभिनंदन केलं. सांगलीकडून लेखी हमी अजून यायची आहे, ती येईल.

पण पान उतरायच्या आदल्या दिवशी तासगावहून फोन आला होता. नंबर ओळखीचा होता. उचलला.

“ताई, ते वेबसाइटवर मिठाचं लिवलंय, ते तुमीच लिवलंय न्हवं?”

“का?”

“सांगलीच्या एका पानावर बी सगळं तुमच्यावानीच हाय. पर तिथं ‘मुद्दाम’ न्हाई. म्हणून इचारलं, खरं कुणाचं.”

माझं लिहिलेलं माझं आहे का, हे मला दोन-तीन आठवडे जगाला सांगायचं होतं. आता एक बाई तेच विचारत होती, आणि क्षणभर मला वाटलं, नाही म्हणावं.

“माझं आहे,” मी म्हटलं. “मीच लिहिलंय. चारही वर्षं मला माहीत होतं.”

तिच्या मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मला वाटलं, आता शिव्या घालेल, घालू दे.

“म्हंजे ताई,” ती हळू आवाजात म्हणाली, “माज्या हाताला कायबी झालं न्हवतं?”

“नाही गं,” मी म्हटलं. “तुझ्या हाताला काही झालं नव्हतं.”

“जरा थांबा,” ती म्हणाली. “फोन स्पीकरवर टाकते. सासूबाई हितंच हायत. त्यास्नी सांगा.”